लॉ लायब्ररियनची कसली आली परिषद? (फ्लॅट, गाळा, जमीनवाल्यांनी जरूर वाचा)

पोस्ट लांब आहे, आधीच सांगते. वसई-विरारमध्ये ज्यांच्या नावावर फ्लॅट, गाळा नाहीतर जमिनीचा तुकडा आहे त्यांनी तरी वाचा. बाकीच्यांनी सवडीने.

मी गेली एकवीस वर्षं कायद्याच्या ग्रंथालयात काम करते. आधी एका विधी महाविद्यालयात होते, आता फोर्टमधल्या वकिलांच्या एका फर्ममध्ये. रोज वसई ते चर्चगेट, आणि संध्याकाळी विरार लोकलमध्ये घुसता आलं तर परत. मागच्या महिन्यात दोन दिवस पुण्याला ग्रंथपालांच्या परिषदेला गेले होते. सोसायटीत हे कळल्यावर एका काकांनी विचारलं, "अगं, पुस्तकं तर कपाटात असतात. त्यांची परिषद कसली?" काका प्रेमाने बोलले आणि मीही हसले. पण हाच प्रश्न मला नोकरीत लेखी स्वरूपात विचारला गेलाय, आणि तिथे कोणी हसत नव्हतं. त्याबद्दल पुढे लिहिते.

आधी लॉ लायब्ररियन करते काय ते सांगते. लोकांना वाटतं आम्ही जाडजूड लाल पुस्तकं काढून देतो आणि रजिस्टरवर सही घेतो. तेही करतो. पण खरं काम वेगळं आहे.

आपल्या गास-भुईगावकडचे एक ओळखीचे शेतकरी एकदा कागद घेऊन घरी आले. त्यांच्या जमिनीवर विकास आराखड्यात आरक्षण पडलेलं. कुणीतरी सांगितलं होतं की एमआरटीपी कायद्याच्या, म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम १२७ खाली नोटीस द्या, सहा महिने थांबा, त्यांनी काही केलं नाही तर आरक्षण उठतं. पुरावा म्हणून एका पुस्तकाच्या पानाची झेरॉक्स होती. झेरॉक्सवर सहा महिनेच लिहिलं होतं, त्यात खोटं काही नव्हतं. पुस्तक जुनं होतं, इतकंच.

त्या कलमाचा गाभा असा: आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत जमीन घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतर ठरलेल्या मुदतीत सरकारी यंत्रणेने संपादनाचं पाऊल उचललं नाही, तर आरक्षण व्यपगत होतं. ही मुदत मूळ कायद्यात सहा महिन्यांची होती. २००९ च्या दुरुस्तीने ती बारा महिन्यांची झाली आणि २०१५ च्या दुरुस्तीने चोवीस महिन्यांची. म्हणजे एकाच कलमाची तीन वयं आहेत. तिन्ही वयांची पुस्तकं आजही कपाटांत, रद्दीत आणि झेरॉक्सच्या दुकानांत फिरतायत, आणि एकाही पुस्तकाच्या पानावर "मी आता जुनं झालो" असं छापलेलं नसतं.

तुमच्या नोटिशीला कोणती मुदत लागू होते हे वकील सांगेल, तो माझा प्रांत नाही. पण कलमाला तीन मुदती आहेत, कोणती कधीपासून आहे आणि कोणत्या राजपत्रात छापली आहे, हे त्याच्या टेबलावर ठेवणं हे माझं काम. अमुक तारखेला कायदा काय होता, एवढं एक वाक्य खात्रीने सांगायला कधीकधी माझा पूर्ण दिवस जातो. चर्नी रोडच्या सरकारी मुद्रणालयाच्या किती खेपा मी मारल्या असतील, मोजल्या नाहीत.

आता हे तुमच्या गळ्याशी कसं येतं ते बघा.

नालासोपारा पूर्वेच्या त्या ४१ इमारती आठवतात ना? सांडपाणी प्रकल्प आणि डम्पिंग ग्राउंडसाठी राखीव असलेल्या जागेवर उभ्या राहिलेल्या. उच्च न्यायालयाच्या आदेशाने २०२४ च्या नोव्हेंबरपासून पाडायला सुरुवात झाली. पुढच्या काही आठवड्यांत शेकडो कुटुंबं सामान घेऊन रस्त्यावर आली. त्यानंतर ऑगस्ट २०२५ मध्ये विरारच्या विजय नगरमधली रमाबाई अपार्टमेंट कोसळली, १७ माणसं गेली. त्याआधी २०२३ मध्ये बनावट शिक्के आणि बनावट बांधकाम परवानग्या वापरून इमारती उभ्या केल्याचं प्रकरण पोलिसांनी उघड केलं होतं. या सगळ्यांत दोष कुणाचा यावर चावडीवर रोज चर्चा होते, ती मी इथे करत नाही. मला एकच गोष्ट टोचते. ती जमीन राखीव आहे हे सार्वजनिक कागदावर होतं. कागद होता, नकाशा होता, राजपत्र होतं. घर घेणाऱ्या माणसाला तो कागद कुठे मिळतो आणि कसा वाचायचा, हे सांगणारं माणूस मात्र अख्ख्या तालुक्यात ठरावीक अशा एका ठिकाणी बसलेलं नव्हतं. एजंट बसलेला होता. त्याचं ऑफिस स्टेशनला लागूनच.

परिषदेकडे येते.

यंदा सगळ्यात जास्त गर्दी खोट्या निकालांवरच्या सत्राला होती. एआयला विचारलं की तो पक्षकारांची नावं, वर्ष, पान नंबर, सगळं झोकात देतो. फक्त तसा निकाल कुठल्याच कोर्टाने दिलेला नसतो. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली एव्हिअँका विमान कंपनीविरुद्धच्या खटल्यात असे बनावट दाखले दिले म्हणून वकिलांना ५,००० डॉलरचा दंड झाला. ते तेव्हा सगळ्यांनी गंमत म्हणून वाचलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये ती गंमत आपल्या मुंबई उच्च न्यायालयात पोहोचली. आयकर खात्याने एका कंपनीचं उत्पन्न वाढवून धरताना ज्या तीन निकालांचा आधार घेतला, ते निकाल अस्तित्वातच नव्हते. न्यायालयाने तो आदेश रद्द केला आणि अशी उत्तरं डोळे झाकून वापरू नका, आधी तपासा, असं बजावलं. ती कंपनी होती, तिला उच्च न्यायालयात जायला पैसे होते. तुमच्या-माझ्या सोसायटीला आलेल्या नोटिशीत असा एखादा निकाल घुसला, तर तो कोण तपासणार?

तपासायची रीत आम्ही त्या सत्रात एकमेकांना दाखवत होतो. सर्वोच्च न्यायालयाच्या प्रत्येक निकालाला २०२३ पासून स्वतःचा तटस्थ क्रमांक मिळतो. आधी वर्ष, मग 'आयएनएससी', मग आकडा. मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालावर वर्षानंतर 'बीएचसी' असतं आणि पुढे 'एएस' किंवा 'ओएस', म्हणजे अपील शाखा की मूळ शाखा. हा नंबर टाकून कोर्टाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर निकाल निघाला नाही, तर पुढे वाचूच नका. निकाल निघाला तरी तो पुढे वरच्या कोर्टाने फिरवला आहे का हे बघायचं. हे दुसरं काम पहिल्याहून किचकट. शिकागोच्या फ्रँक शेपर्ड नावाच्या माणसाने १८७३ साली यासाठी डिंक लावलेल्या चिठ्ठ्या छापल्या होत्या. वकिलांनी त्या पुस्तकाच्या समासात चिकटवायच्या, म्हणजे कळायचं की या निकालाचं पुढे काय झालं. आम्ही आज जे करतो ते त्या चिठ्ठ्यांचंच काम, फक्त डिंक नाही.

आणि हे कळतं कसं? मला नागपूरकडच्या एका ग्रंथपाल बाईंकडून कळलं, चहाच्या रांगेत. त्यांनी कागदावर आडव्या रेघा मारून दाखवलं की एकच निकाल पाच वेगवेगळ्या रिपोर्टरमध्ये पाच वेगळ्या पानांवर असतो, तेव्हा जुळणी कशी ठेवायची. माझ्या पदवीच्या अभ्यासक्रमात यातलं काही नव्हतं. व्याख्यानं ठीक असतात, काही तर झोप आणणारी. परिषद होते ती चहाच्या रांगेत. (नागपूरवरून आठवलं, देशभरच्या कोर्टांत चालणारा 'ऑल इंडिया रिपोर्टर' आपल्या नागपूरचा. १९१४ ला सुरू झाला, चितळ्यांनी वाढवला. आणि 'बॉम्बे लॉ रिपोर्टर' १८९९ चा, रतनलाल आणि धीरजलाल यांचा. मराठी मुलखात कायद्याच्या छपाईला इतकी वर्षं झाली, पण तो छापलेला कायदा सांभाळणाऱ्यांना कोण ओळखतं?)

अमेरिकेतल्या लॉ लायब्ररियननी आपली संघटना १९०६ साली काढली. आयोवा राज्याच्या ग्रंथालयातले ए. जे. स्मॉल म्हणून होते, त्यांच्या पुढाकाराने सगळ्या ग्रंथपालांच्या मोठ्या परिषदेत हे मूठभर लोक बाजूला बसले आणि म्हणाले, आपले प्रश्न वेगळे आहेत. दोनच वर्षांनी, १९०८ मध्ये, त्यांनी कायद्याच्या नियतकालिकांची सूची सुरू केली. त्याआधी कुठल्या मासिकात कोणत्या विषयावर काय छापून आलंय हे शोधायला प्रत्येक जण आपापला अंधारात चाचपडत होता. मूठभर माणसं एका खोलीत बसली आणि देशभरच्या वकिलांचं चाचपडणं कमी झालं. परिषदेचा उपयोग काय, असं मला विचारणाऱ्याला मी हे सांगते.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर रंगनाथन घ्या. मद्रासमध्ये गणित शिकवणारे गृहस्थ. १९२४ साली विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि सुरुवातीला इतके कंटाळले की परत शिकवायला जायच्या बेतात होते. विद्यापीठाने त्यांना इंग्लंडला पाठवलं. तिथे ते एका ग्रंथालयातून दुसऱ्यात हिंडले, माणसांना भेटले, आणि परत आले ते वेगळेच होऊन. १९३१ मध्ये त्यांची ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं आली, जी जगभर शिकवतात. समजा मद्रासच्या कारकुनाने त्या वेळी फाइलवर लिहिलं असतं, की ग्रंथपालाला परदेशी पाठवण्याचं प्रयोजन दिसत नाही, तर?

तसा शेरा माझ्या फाइलवर होता. संस्थेचं नाव लिहीत नाही, मी ती केव्हाच सोडली. परिषदेसाठी दोन दिवसांची कर्तव्यरजा मागितली होती. अर्ज परत आला, कोपऱ्यात लाल पेनने एक ओळ: "ग्रंथपालाचे तेथे काय काम?" त्याच परिषदेला शिकवणाऱ्या दोघांना पाठवलं, प्रवासखर्चासकट. मी बिनपगारी रजा टाकून, स्वतःचं तिकीट काढून गेले. परत आल्यावर त्या दोघांपैकी एकाने मला विचारलं, "तुम्ही टिपणं काढलीत ना? जरा द्या." दिली. काय करणार.

यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत ग्रंथपालाची पात्रता आणि बढतीचे टप्पे शिक्षकांच्या शेजारीच छापलेले आहेत. पण छापलेलं लागू कुठे होतं हा वेगळा प्रश्न. विनाअनुदानित ठिकाणी अनेकदा ग्रंथपाल म्हणजे कंत्राटावरचं माणूस, अकरा महिन्यांचं, आणि परीक्षेच्या दिवसांत सुपरव्हिजनलाही तेच. बार कौन्सिलने २००८ च्या नियमांत कायदा महाविद्यालयाच्या ग्रंथालयावर वर्षाला किमान खर्च सांगितला तो एका अभ्यासक्रमासाठी ५०,००० रुपये आणि दोन्ही असतील तर १ लाख. हल्ली एका चांगल्या ऑनलाइन डेटाबेसची वर्गणी विचारून बघा, मग या आकड्याचं काय करायचं ते ठरवा.

इथे आपल्या मुंबई इलाख्याची एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती फारशी कुणाला माहीत नाही. मुंबईच्या सरकारी विधी महाविद्यालयाचे प्राचार्य १९३५ ते १९३८ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. ज्या माणसाने दादरला घर बांधलं तेच मुळी पुस्तकांना जागा पुरावी म्हणून! त्यांच्यानंतर प्राचार्य झाले ते आसफ अली असगर फैजी, मुस्लिम कायद्याचे मोठे अभ्यासक. सरकारने १९३९ मध्ये ग्रंथालय विकासासाठी जी समिती नेमली तिचं अध्यक्षपद याच फैजींकडे होतं. म्हणजे आपल्या भागातल्या सार्वजनिक ग्रंथालयांचा पहिला मोठा आराखडा एका कायदेपंडिताच्या हाताखाली तयार झाला. वर मध्यवर्ती ग्रंथालय, खाली विभागीय, मग जिल्हा, मग तालुका, थेट गावापर्यंत, अशी उतरंड त्यात मांडली होती. पुढे १९६७ साली महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आला. उतरंडीत तालुका आहे, गाव आहे. तालुक्याच्या त्या ग्रंथालयात कायद्याचं कपाट मात्र शोधावं लागतं. कादंबऱ्या, दिवाळी अंक, स्पर्धा परीक्षेची गाइडं, सगळं मिळेल. तुम्ही राहता त्या शहराला लागू असलेली बांधकाम नियमावली मागून बघा.

कुणी म्हणेल, कोर्टात वकिलांची लायब्ररी असते की. असते, आणि ती वकिलांची असते. ते त्यांच्या वर्गणीतून चालवतात, त्यात गैर काही नाही. मी बोलतेय ते तुमच्याबद्दल.

कॅलिफोर्नियात १८९१ पासून एक व्यवस्था आहे. प्रत्येक काउंटीला, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाला, एक कायद्याचं ग्रंथालय, सगळ्या लोकांना खुलं. पैसा कुठून? दिवाणी दावा दाखल करताना जी फी भरतात तिच्यातला एक छोटा हिस्सा थेट ग्रंथालयाला जातो. तिथे भाडेकरू येतो, घटस्फोट मागणारी बाई येते, शेजाऱ्याशी कुंपणावरून भांडलेला म्हातारा येतो. टेबलामागची ग्रंथपाल त्यांना सल्ला देत नाही, तिला तो देता येत नाही. ती कायदा काढून समोर ठेवते, कोणता फॉर्म लागतो ते दाखवते आणि वकील कुठे मिळेल ते सांगते. आपल्याकडेही कोर्ट फी स्टॅम्प आपण भरतोच. महाराष्ट्रात ग्रंथालयासाठी वेगळा कर नाही, सगळं अनुदानावर. मग कोर्ट फीतला थोडा वाटा तालुक्याच्या कायदा कपाटाला द्या, ही मागणी फार मोठी आहे असं मला वाटत नाही. निदान कुणीतरी ती मांडावी. पुण्याला मी एका सत्रात बोलले तेव्हा पाठीमागून कुणीतरी "आधी पदं भरा म्हणावं" असं ओरडलं आणि टाळ्या त्याला पडल्या. बरोबरच होतं त्याचं. पदभरती झाली नाही तर कपाटाची किल्ली कुणाकडे देणार?

पुस्तकं विकत घ्यायचा खर्चही आता तेवढा राहिलेला नाही. निकाल हे मुळात कुणाच्या मालकीचे नाहीत. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्येच कोर्टाचे निकाल छापायला मोकळीक आहे. २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने ईस्टर्न बुक कंपनीच्या खटल्यात ते आणखी स्पष्ट केलं: निकालाचा मूळ मजकूर सगळ्यांचा, प्रकाशकाने त्यात स्वतः अक्कल लावून जे घातलं, म्हणजे परिच्छेदांचे आकडे, टिपणं, ते त्याचं. २००८ पासून 'इंडियन कानून' आहे, फुकट. जानेवारी २०२३ पासून सर्वोच्च न्यायालयाचे अधिकृत रिपोर्ट ऑनलाइन मोफत आहेत, काही निकालांची मराठी भाषांतरंही तिथे मिळतात. केंद्राचे कायदे 'इंडिया कोड'वर. आपल्या शहराला लागू असलेली एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावली २०२० ची, तीही नेटवर आहे. आहे सगळं. पण जुलै २०२४ ला भारतीय दंड संहिता जाऊन न्याय संहिता आली तेव्हा मला आठवड्याला चार फोन यायचे, की आमच्यावरची जुनी केस आता कुठल्या कलमात? नेटवर असणं आणि माणसाला सापडणं यात वसई ते चर्चगेटएवढं अंतर आहे, तेही स्लो गाडीने.

म्हणून मी आणि आणखी दोघी, एक निवृत्त शाळा ग्रंथपाल आणि एक वकिलीचा अभ्यास करणारी मुलगी, असं ठरवलंय की महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी दहा ते एक वसईत एका वाचनालयात बसायचं. जागा त्यांनी दिली आहे, वेळ आमची. सल्ला मिळणार नाही, हे परत सांगते. कोर्टाची तारीख अंगावर असेल तर आधी वकील गाठा. ऐपत नसेल तर वसई कोर्टात तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा, पात्र माणसाला तिथे मोफत वकील मिळतो. आमच्याकडे एवढंच मिळेल: कायदा शोधून देऊ, तो आजचा आहे का ते बघू, आणि निकालाचा नंबर खरा की बनावट ते तपासू.

फ्लॅट घेणार असाल तर येताना बांधकाम परवानगीची, म्हणजे सीसीची प्रत आणा. तिच्यावरचा जावक क्रमांक आणि तारीख नीट दिसली पाहिजे. तो क्रमांक महापालिकेच्या नगररचना विभागात पडताळायचा अर्ज कसा करायचा, आणि उत्तर नाही आलं तर २००५ च्या माहिती अधिकारात कसा करायचा, दोन्हींचे नमुने आम्ही करून ठेवलेत, मराठीत. सातबारा आणा, ताजा, एजंटने दिलेला नव्हे. महारेराचा नंबर असेल तर तोही आणा. पण लक्षात ठेवा, ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरच्या किंवा आठपर्यंत सदनिकांच्या प्रकल्पाला ती नोंदणी सक्तीची नाही, त्यामुळे "आम्हाला रेरा लागत नाही" असं बिल्डर म्हणाला तर जमिनीचं माप विचारा.

जुनी सोसायटी असून जमीन अजून बिल्डरच्याच नावावर असेल तर मानीव अभिहस्तांतरणाचे, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्सचे कागद घेऊन या, त्यावर वेगळा वेळ ठेवलाय. आणि ज्यांच्या घरी वकील आजोबांची जुनी पुस्तकं पडून असतील त्यांनी ती रद्दीत देऊ नका. कलम १२७ मध्ये सहा महिने छापलेलं पुस्तकसुद्धा चालेल, जुन्या नोटिशींसाठी तेच लागतं.